मेलेल्या लवंगांची बरणी

मंगळवार, ११ मार्च २०१४
सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे

ताई,

दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो आहे. पत्र्याच्या ताटात लवंगा पसरून बाबांच्या डबीसाठी रोजच्या बारा निवडत होतो. सात झाल्या. आठवी नखाने दाबून पाहिली, देठावर तेलाची रेघ आली, म्हणजे चांगली होती. तरी ती डबीत टाकायला हात होईना. म्हणून ताट बाजूला सरकवलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता आत्याकडून घेतला. तिला सांगितलं, ताईचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र सापडलं आहे, ते पाठवायचं आहे. आत्या म्हणाली, "चार वर्षांनी सापडलं होय? पाठव, पाठव. फक्त त्याच्यावर डोळ्यातलं पाणी सांडू नकोस, शाई पसरते." तिला सगळं कळतं.

तू गेल्यावर तुला लिहायचं नाही असं घरात कोणी सांगितलं नव्हतं. कोणी लिहिलं नाही, इतकंच. आई वारल्यावर तू घर सोडलंस. जाताना तू बाबांना म्हणालीस, "माझ्या आईला डॉक्टर मिळाला नाही, डबे मिळाले," ते मी दाराआडून ऐकलं होतं. बाबांनी त्यावर अजून उत्तर दिलेलं नाही. पण त्याच आठवड्यात त्यांनी ओव्याचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. कोणी पोटासाठी ओवा मागितला की "संपलाय" म्हणतात. डबा भरलेला आहे. महिन्यातून एकदा मी तो पुसतो.

बाकी सगळं तसंच आहे. काल एक ट्रकवाला आला, खोकून खोकून डोळे लाल झालेले. बाबांनी त्याला चार लवंगा दिल्या. "तव्यावर जरा भाज, फुगल्या की कुट, मधात घालून झोपताना चाट. आणि विडी बंद." तो म्हणाला, "विडी बंद नाही झाली तर?" बाबा म्हणाले, "तर लवंग परत आण. पैसे परत देतो. तिचा अपमान नको." दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. शिंप्याच्या बायकोला लोकरी कपड्यांत ठेवायला पुडी दिली, कसर लागू नये म्हणून. एका म्हातारबुवांना उमासे येत होते, त्यांना एक लवंग नुसती चघळायला दिली, ते तासाभराने परत येऊन "आता जेवीन म्हणतो" असं सांगून गेले. हे मी अशासाठी लिहितो की तुला वाटतं तसं सगळंच खोटं नसतं. माझ्या डोळ्यांसमोर माणसं बरी होतात.

बाबांची डावीकडची दाढ दुखते आहे. ते गालात लवंग धरतात, मग थांबते. चार महिने झाले. तू दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतेस असं आत्या म्हणाली. तुझ्यासमोरून इतकी माणसं जातात, म्हणून विचारतो. दाढ चार महिने दुखू शकते का?

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मला खोडाखोड आवडत नाही, म्हणून वरचं तसंच ठेवून खाली खरं लिहितो. दाढ नाही. दाढेच्या शेजारी, गालाच्या आतून, एक जखम आहे. ते जांभई देत होते तेव्हा दिसली. वाटाण्याएवढी होती, आता त्याहून मोठी आहे. आणि रोजच्या त्या बारा लवंगा मीच निवडून देतो.


बुधवार, १९ मार्च २०१४
दुपारचे दोन, दुकान बंद असते त्या वेळात

ताई,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमनने ते दुकानातच दिलं. बाबांनी घेतलं, मजकुराची बाजू खाली करून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं टपाल." मी नववीत शाळा सोडली तरी शुद्धलेखनावरून अजून मला मास्तर म्हणतात. अर्ध्या तासाने मिरी तोलता तोलता म्हणाले, "अक्षर अजून तिरकंच आहे तिचं."

तू लिहिलं आहेस की बाबांबद्दल काही ऐकायचं नाही, नुसती उत्तरं लिही. उत्तरं लिहितो. मला जखम दिसल्याला एकशे सव्वीस दिवस झाले. कडा कडक आहेत का ते मला माहीत नाही, बोट लावू देत नाहीत. वजन उतरलं आहे. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने दोन नवी भोकं पाडली. तंबाखू तू सातवीत असताना सोडली, ती पुन्हा धरलेली नाही. तिखट लागत नाही म्हणून चटणी बंद आहे. गिळायला त्रास नाही.

डॉक्टरकडे चला म्हणून पाच वेळा सांगून झालं. पहिल्या वेळी म्हणाले, "तोंड उघडायचे तो पैसे घेतो. मला बंद ठेवायला एक लवंग पुरते." दुसऱ्या वेळी म्हणाले, "दुखतंय का? नाही. मग कसला डॉक्टर?" तिसऱ्या वेळी उठून गेले. चौथ्या आणि पाचव्या वेळी मी बोलायला सुरुवात करताच त्यांनी लवंग तोंडात टाकली आणि गाल माझ्याकडे करून बसले.

मला आता असं वाटतं की लवंग काम करते हीच अडचण आहे. तिने गाल बधिर होतो, दोन तास शांतता मिळते, आणि दोन तासांनी दुसरी लवंग असते. लवंग एकदा जरी नापास झाली असती तरी ते केव्हाच खुर्चीत जाऊन बसले असते. पण मी निवडलेली लवंग नापास होत नाही.

गल्ल्याशेजारची ती बरणी तुला आठवत असेल. तेल काढून घेतलेल्या लवंगा, ज्या काही लोक चांगल्यांत मिसळून विकतात, त्या बाबा वेचून वेचून तीत साठवतात आणि गिऱ्हाइकांना दाखवतात. चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे : मेलेल्या लवंगा. विक्रीसाठी नाहीत.

आत्ता मी बाबांची उद्याची डबी त्या बरणीतून भरली.

बाबा विक्रीच्या डब्यातलं स्वतःसाठी कधी घेत नाहीत, तुला माहीत आहे. त्यांना दुसरीकडून मिळणार नाही. उद्या सकाळी डबी उघडतील आणि माझ्या तोंडावर फेकतील. इतकं लिहून दुकान उघडायला जातो.

तुझा भाऊ


रविवार, २३ मार्च २०१४
सकाळचे आठ, कपडे धुवून झाल्यावर

ताई,

त्यांनी डबी फेकली नाही.

हेच मला सगळ्यात भीतीचं वाटलं. बंद पोत्यावर नाक ठेवून कोणत्या कोपऱ्याला ओल लागली ते सांगणारा माणूस. त्यांनी मेलेली लवंग दातांत धरली, चावली, गालात सरकवली आणि गिऱ्हाइकाला जिरं बांधून दिलं. मी फडक्याने तोच तराजू तीनदा पुसला.

दुपारपर्यंत डबी संपली. "मास्तर, आज बारा पुरल्या नाहीत." मी पुन्हा भरली, त्याच बरणीतून. दुसऱ्या दिवशी चेहरा काळवंडला होता, बोलताना हात गालाकडे जात होता. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सकाळी दहाला दलालकाका नवी पेटी दाखवायला आले. दुकानात शिंपी होता आणि शाळेतल्या दोन बाई होत्या.

बाबा त्यांना बसाही म्हणाले नाहीत. "मागची पेटी मेलेली दिलीत."

दलालकाकांना आधी थट्टा वाटली. "मेलेली? मग तेराव्याला बोलवायचंत."

"हसू नका. तीन दिवस तोंडात धरतोय. लाकूड आहे लाकूड."

"बत्तीस वर्षं माल देतोय मी तुम्हाला."

"म्हणूनच जास्त लागलं."

दलालकाका उठले. विक्रीचा डबा स्वतः उघडला, प्यायच्या पाण्याचा पेला ओढला आणि मूठभर लवंगा त्यात टाकल्या. काही सरळ तळाशी गेल्या. बाकीच्या डोकं वर करून पाण्यात उभ्या राहिल्या. "ही बघा," काका सगळ्यांना म्हणाले, "प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशी उभी आहेत. मेलेली अशी उभी राहते?"

बाबांनी खिशातली डबी काढली. पाच उरल्या होत्या. त्याच पेल्यात ओतल्या. पाचही आडव्या झाल्या आणि तरंगत काठाला लागल्या.

बाई लोकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बरणीकडे पाहिलं. तिच्यात मधोमध खड्डा पडला होता. मी तो हलवून सारखा करायचा विसरलो होतो. असं मी कधी विसरत नाही.

मग बाबा दलालकाकांना म्हणाले, "माझ्याच हातून बरण्यांची अदलाबदल झाली. माफ करा." बाबांनी कोणाची माफी मागितलेली माझ्या एकवीस वर्षांत मी ऐकली नव्हती. काका एकदम मऊ झाले. म्हणाले, "अहो जाऊ द्या. नाकाला दोन दिवस सुट्टी द्या." आणि पेटी न दाखवताच गेले.

बाबांनी शटर अर्धं ओढलं. मी उभाच होतो.

"किती दिवस?"

"तीन."

"म्हणजे छत्तीस."

"अठ्ठेचाळीस. मध्ये डबी पुन्हा भरली होती."

"मारायचं होतं का मला?"

"नाही. दुखायला हवं होतं."

ते स्टुलावर बसले. मला वाटलं आता हात उचलतील, आणि खरं सांगतो, उचलला असता तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "चांगल्या आण. आणि मेलेल्याही आण." डोळे मिटले. "एकेक जिभेवर ठेव. कुठली ते सांगू नकोस."

मी पाच वेळा ठेवली. त्यांनी तीन वेळा चुकीचं सांगितलं. मेलेली लवंग जिभेवर होती आणि ते म्हणाले, "ही उत्तम. ही या वर्षीची." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांना माझ्या गप्प बसण्यावरून कळलं. डोळे उघडले, जिभेवरची लवंग तळहातावर काढून घेतली आणि तिच्याकडे बघत बसले.

मग विचारलं, "तो दातांचा डॉक्टर किती वाजता बसतो?"

मी हे बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. तीन दिवस ते माझ्यामुळे कण्हले. तू लिहिलंस तर बरं होईल.

तुझा भाऊ


शनिवार, २९ मार्च २०१४
दुपारचे सव्वाबारा, दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर

ताई,

बाबा आत आहेत, कापूस चावून बसले आहेत. अर्धा तास बसवणार आहेत, तेवढ्यात लिहितो.

डॉक्टर पुरुष नाहीत, एक तरुण बाई आहेत. बाबा खुर्चीत बसता बसता म्हणाले, "शाळा सुटल्यावर सरळ इकडेच आलात वाटतं?" त्या हातमोजे घालत म्हणाल्या, "हो. आणि तुम्ही वाटेत कुठे इतका वेळ लावलात?" मला त्या तिथेच आवडल्या.

तोंड उघडल्याबरोबर म्हणाल्या, "लवंग?" बाबा म्हणाले, "वास येतो का?" म्हणाल्या, "मला येतो. तुम्हाला येत नसेल." मग फळीवरून एक छोटी काळी बाटली आणून माझ्या नाकाजवळ धरली. आपल्याच दुकानाचा वास. त्या म्हणाल्या की दाढेत तात्पुरती लुकण भरतात तिच्यात हेच तेल असतं, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी दाढेखाली लवंग धरली त्यात काही वेडेपणा नाही, ती वेदना थांबवते आणि थोडे जंतूही मारते. बाबांची मान जरा ताठ झाली. मग त्या म्हणाल्या, "पण काका, वेदना थांबली म्हणजे तुम्ही बरे झालात असं तिने कधी सांगितलं होतं? ते तुम्ही ठरवलंत." शिवाय इतकी लवंग रोज एकाच जागी धरली की आतली कातडी भाजते, चव मरते. हे जखमेचं कारण नाही, पण जखमेला त्याने मदतही झाली नाही. तंबाखू किती वर्षं होती ते विचारलं. बाबा म्हणाले दहा. मी म्हणालो अठरा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच्या घरचा.

जखमेचा छोटा तुकडा कापून तपासायला पाठवला आहे. बारा-तेरा दिवसांनी कळेल. सुई टोचताना बाबांनी माझं मनगट धरलं होतं. अजून बोटांचे वळ आहेत.

डबी त्यांनी घरी ठेवली आहे. आता दुखतं तेव्हा बाईंनी दिलेली गोळी घेतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, "हिला चव नाही."

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्ता बरोबर आहे ना, ते मी पुन्हा आत्याकडून पडताळून घेतलं.

भाऊ


शनिवार, १२ एप्रिल २०१४
सकाळचे साडेदहा, पोस्टातल्या टेबलावर, पेन दोरीने बांधलेलं आहे

ताई,

अहवाल परवा आला. कॅन्सर आहे. हा शब्द मी पहिल्यांदा लिहीत आहे. लहान आहे, गळ्याच्या गाठींना लागलेलं नाही. बाई म्हणाल्या, आणखी तीन-चार महिने गेले असते तर जबडा काढावा लागला असता, आता गालाच्या आतला भाग आणि दोन दाढा काढून भागेल. ऑपरेशन तुझ्या गावातल्या मोठ्या रुग्णालयात होईल. सोमवार, २८ एप्रिल ही तारीख मिळाली आहे. ती चुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

तुझे पंधरा हजार आणि चिठ्ठी कालच मिळाली. "पैसे पाठवते. मी येणार नाही. माझं नाव घेऊ नका." पैशांबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते कळत नाही. पण बाबा जायला तयार नाहीत.

मी चिठ्ठी दाखवली नव्हती. त्यांनीच विचारलं, "ती येणार आहे का?" मी म्हणालो, "कामात असेल." म्हणाले, "तिच्या गावात जायचं आणि तिच्या दारावरून चोरासारखं जायचं, ते मला जमणार नाही. दोन महिन्यांनी बघू. तोवर इथेच बरा आहे." बाईंनी समजावलं, आत्याने रागावून पाहिलं, दलालकाका येऊन दोन तास बसले. सगळ्यांना एकच उत्तर, "बघू." दोन महिने थांबता येणार नाही, हे तू तुझ्या खिडकीवरून माझ्यापेक्षा जास्त जाणतेस.

म्हणून आता एक गोष्ट लिहितो. चार वर्षं लिहिली नाही.

आईला रक्त पडत होतं, ते बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. ती मागच्या ओट्यावर कपडे घासत होती आणि एक कपडा वेगळा लपवत होती. मी विचारलं. तिने सांगितलं आणि म्हणाली, "बाबांना बोलू नकोस. ते इतक्या विश्वासाने ओवा-सुंठ करून देतात. त्यांना वाटेल माझा त्यांच्यावर भरवसा राहिला नाही. होईल कमी." ओवा घेतला की तिला खरंच दोन-तीन तास बरं वाटायचं. बाबांना तेवढंच दिसत होतं, की पोट दुखतं आणि ओव्याने थांबतं. ते रोज विचारायचे, "आज कसं आहे?" आणि ती माझ्याकडे बघून म्हणायची, "बरं आहे." मी मान खाली घालायचो.

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे, तुला माहीत आहे. वहीत तारीख आहे. त्या दिवसापासून तिला दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत अकरा आठवडे आणि दोन दिवस झाले. तू एकदा मला थेट विचारलं होतंस, "आई बरी आहे ना रे?" मी म्हणालो होतो, "पित्त आहे."

तू बाबांना जे बोललीस ते ऐकत मी दाराआड उभा होतो. तेव्हा बाहेर यायला हवं होतं. आलो नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि त्यांना स्वतःला अजून वाटतं की सगळं त्यांच्याच डब्यांनी झालं. मी त्यांनाही सांगितलेलं नाही. यात बाबांची चूक किती ते मी ठरवू शकत नाही, पण तू समजतेस तितकी नाही. उरलेली माझी आहे. राग माझ्यावर धर. तो किती वर्षं धरायचा तेही तू ठरव. पण बाबांसाठी ये.

आम्ही २७ तारखेच्या सकाळच्या बसने निघू शकतो. बस दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पोचते. तू येशील असं मी बाबांना सांगितलेलं नाही. तुझ्या तोंडचं खोटं वचन त्यांना देणार नाही. पण तुझी एक ओळ आली तर मी त्यांना गाडीत बसवू शकेन.

भाऊ


रविवार, ४ मे २०१४
सकाळचे सात, दुकानाच्या मागच्या खोलीत

ताई,

काल आम्ही नीट पोचलो. बसमध्ये बाबांनी खिडकीकडची जागा घेतली आणि पूर्ण वाटेत ऊन लागू नये म्हणून गालाला हात लावून बसले. दमले आहेत, पण आत्ता झोपले आहेत. नळीतून दूध आणि सूप दिलं. टाके कोरडे आहेत. पुन्हा दाखवायला १२ तारखेला.

तुझी ओळ आली होती, "तीन दहाला स्टँडवर असेन." ती मी बाबांपुढे ठेवली, तुझ्या तिरक्या अक्षरातली. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "माझा निळा सदरा धुतलेला आहे का?" सगळं "बघू" तिथे संपलं. तुला हे कोणी सांगितलं नसणार म्हणून लिहितो.

सहा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. ते बरोबर आहे. "तो अर्ज आण," "तिकडे उभा राहा," "पाणी," एवढंच. मी तक्रार करत नाही. बाबांशी बोलताना तुझा आवाज बदलत होता, तेवढं मला पुरे होतं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, "तू बारीक झालीस," आणि तू म्हणालीस, "तुम्ही आरशात बघा स्वतःला, मग माझ्यावर बोला." त्यांना हसू आलं आणि टाके ओढले जाऊन डोळ्यांत पाणी आलं. नर्स धावत आली आणि तुलाच ओरडली.

गुरुवारी दुपारी मी फळं घेऊन आलो तेव्हा दार लोटलेलं होतं. बाबांनी पाटीवर काहीतरी लिहून तुझ्यापुढे धरलं होतं. मला बाहेरून वाचता आलं नाही, पण पहिलं अक्षर आ होतं. तू पाटी हातातून काढून घेतलीस, पुसलीस आणि म्हणालीस, "तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं."

आम्हाला कोणालाच. तू मला त्यात का घेतलंस ते मला कळत नाही. मी फळं बाहेरच्या बाकावर ठेवून खाली गेलो आणि बराच वेळ वर आलो नाही. तू नुसतं घड्याळाकडे पाहिलंस, मी म्हणालो, रांग होती. रांग नव्हती.

बाबांना खरं काय ते मी स्वतः सांगणार आहे. ते नीट बोलायला लागले की. त्यांना उलटून बोलता येत नसताना सांगणं बरोबर होणार नाही.

काल स्टँडवर बस सुटताना तू खिडकीशी आलीस. मला वाटलं बाबांना काही सांगायचं आहे. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हिशेब लिहून पाठव. सगळा. मोघम नको." सहा दिवसांतलं तुझं माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य. रात्री तीनदा बेरीज करून पाहिली. बरोबर आहे.

खर्च
दातांच्या बाई, तपासणी : ३५०
तुकडा काढणे व अहवाल : १,८००
बस, दोघांची, जाऊन येऊन : ६४०
ऑपरेशन व खाटभाडे : २६,५००
औषधे : ३,२१५
नळी, कापूस, पट्ट्या : ४८०
माझे जेवण व चहा : ३९५
एकूण : ३३,३८०

आले कुठून
तू : १५,०००
दुकानाचा गल्ला : ९,८८०
आत्या : ५,०००
दलालकाका (न मागता दिले) : ३,५००
एकूण : ३३,३८०

देणे
दलालकाका : ३,५००
आत्या : ५,००० (नको म्हणते, तरी देणार)
तू : १५,०००. पैकी माझ्या पगारातून उद्या पोस्ट उघडताच मनिऑर्डरने ५००. बाकी १४,५००.

दर महिन्याला पाचशे, सोबत बाबांच्या तब्येतीचं पत्र. एकूण एकोणतीस महिने.